चॅटबॉटकडे शब्द मागावेत, आकडे मागू नयेत

सायकलची देखभाल आणि दुरुस्ती या विषयावर मी एक छोटे संकेतस्थळ चालवतो. त्यासाठी काही वर्षांपूर्वी मी ‘साखळीचे वंगण आणि देखभाल’ असा एक दीर्घ लेख लिहिला होता. लेख मेहनतीने लिहिलेला होता, त्यातली छायाचित्रे मी स्वतः काढली होती आणि मजकुरात चूकही नव्हती. तरीही सर्च इंजिनातून त्या पानाकडे महिनोन्‌महिने जवळजवळ कोणी फिरकत नव्हते. एकदा माझी भाची शेजारी बसून मोबाइलवर काहीतरी शोधत होती आणि माझे सहज तिकडे लक्ष गेले. तिची अडचण नेमकी माझ्या लेखातलीच होती, पण तिने टाइप केले होते, ‘सायकलची चेन सारखी पडते काय करू’. माझ्या लेखात ‘साखळी’ हा शब्द जागोजागी होता, ‘चेन’ एकदाही नव्हता, आणि ‘पडते’ हे क्रियापद तर मला सुचलेही नसते, कारण मी ‘निसटते’ लिहिणाऱ्यांपैकी आहे.

कीवर्ड संशोधन म्हणजे मुळात एवढेच: आपण ज्या शब्दांत लिहितो आणि लोक ज्या शब्दांत शोधतात, त्यांतले अंतर ओळखणे. या कामासाठी मी गेली दोन-तीन वर्षे एआय चॅटबॉट वापरत आहे. त्यांनी माझा बराच वेळ वाचवला आणि सुरुवातीच्या काही महिन्यांत बऱ्यापैकी फसवलेही.

प्रथम एका शंकेचा निकाल लावलेला बरा. सर्च इंजिने आता अर्थ समजून घेतात, मग कीवर्डचा विचार करायचाच कशाला, असे अनेक जण विचारतात. ही शंका अगदीच निराधार नाही. पानाच्या कोडमध्ये दडवलेल्या ‘मेटा कीवर्ड्स’ टॅगचा आपण क्रमवारीसाठी उपयोग करत नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले होते. पुढे २०१३ मध्ये गूगलच्या शोधपद्धतीत ‘हमिंगबर्ड’ हा मोठा बदल आला, २०१५ मध्ये तिच्यातल्या ‘रँकब्रेन’ या स्वतः शिकणाऱ्या भागाची माहिती बाहेर आली आणि २०१९ च्या अखेरीस ‘बर्ट’ हे भाषेचे प्रारूप शोधात वापरले जाऊ लागले. या प्रत्येक टप्प्यावर सुट्या शब्दांपेक्षा संपूर्ण वाक्याच्या अर्थाला अधिक वजन मिळत गेले. म्हणून एकच शब्द लेखात पंचवीस वेळा कोंबण्याचे दिवस गेले हे खरे. परंतु वाचक कोणता शब्द वापरतो यावरून त्याला काय हवे आहे, त्याला विषय किती ठाऊक आहे आणि तो कोणत्या घाईत आहे हे कळते, आणि ते कळल्याशिवाय लेखाची सुरुवात कुठून करावी हेच ठरत नाही. ‘चेन पडते’ असे विचारणाऱ्या माणसाला वंगणाचे प्रकार नको असतात. त्याचे हात काळे झालेले असतात आणि त्याला पुढच्या दहा मिनिटांत सायकल चालू करून हवी असते.

आता फसवणुकीकडे वळतो. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुले झाले, आणि त्यानंतर काही महिन्यांतच ‘या विषयावरचे कीवर्ड, त्यांचे मासिक शोध आणि स्पर्धेची तीव्रता यांचा तक्ता करून द्या’ अशी आज्ञा एका चॅटबॉटला देणाऱ्या असंख्य लोकांत मीही होतो. तक्ता फार सुबक आला. प्रत्येक कीवर्डपुढे मासिक शोधांचा आकडा होता, त्यापुढे शंभरपैकी गुण होते आणि शेवटच्या रकान्यात ‘मध्यम’, ‘कमी’ असे शेरे होते. तक्ता पाहिला की माणसाचा विश्वास बसतो. त्याच चुका कोणी परिच्छेदात लिहिल्या असत्या तर मी नक्की प्रश्न विचारले असते. त्या तक्त्यावर मी पुढच्या लेखांचे वेळापत्रकही आखले. नंतर केवळ योगायोगाने, जुना संवाद सापडेना म्हणून, मी तीच आज्ञा नव्या खिडकीत पुन्हा दिली, आणि त्याच कीवर्डांपुढे पूर्णपणे वेगळे आकडे आले. ज्या शब्दाचे पूर्वी काही हजार शोध होते त्याचे आता काहीशे होते, आणि दोन्ही वेळा चॅटबॉटचा सूर सारखाच ठाम होता.

असे का होते हे समजायला तंत्रज्ञ असण्याची गरज नाही. भाषेचे प्रारूप प्रचंड मजकूर वाचून ‘या शब्दानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक’ हे शिकते. सर्च इंजिनात दररोज कोण काय टाइप करते याची नोंदवही त्याच्यापाशी नसते. ती सर्च इंजिन चालवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असते. मात्र त्या प्रारूपाने कीवर्ड संशोधनाविषयीचे हजारो लेख वाचलेले असतात, त्यांतले तक्ते पाहिलेले असतात, आणि अशा तक्त्याच्या दुसऱ्या रकान्यात कोणत्या घाटाचा आकडा शोभतो हे त्याला पक्के ठाऊक असते. म्हणून ते शोभणारा आकडा देते. हे खोटे बोलणे नव्हे, कारण खोटे बोलणाऱ्याला खरे काय ते माहीत असावे लागते. परंतु त्या आकड्यावर आपले महिन्याचे काम बेतले तर परिणाम तोच होतो.

आकड्यांइतकीच धोक्याची दुसरी गोष्ट म्हणजे या व्यवसायातल्या जुन्या समजुती. चॅटबॉटने वेबवरचे जे लेख वाचले आहेत त्यांत चांगले थोडे आणि एकमेकांची नक्कल केलेले पुष्कळ आहेत. त्यामुळे सल्ला मागितला की ते आजही ‘एलएसआय कीवर्ड’ पेरा असे सांगताना आढळतात. एलएसआय ही कागदपत्रांच्या संग्रहात शब्दांचे परस्परसंबंध शोधण्याची १९८० च्या दशकातली गणिती पद्धत आहे, आणि ‘एलएसआय कीवर्ड’ असे काही नसतेच, असे गूगलच्या जॉन म्यूलर यांनी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितले होते. तसाच घोळ ‘स्पर्धा’ या रकान्याचा. गूगलच्या कीवर्ड प्लॅनर या जाहिरातदारांसाठीच्या साधनात दिसणारी स्पर्धा ही त्या शब्दावर किती जाहिरातदार बोली लावतात याविषयी असते. विनामूल्य निकालांत वर येणे किती अवघड आहे याच्याशी तिचा थेट संबंध नाही. चॅटबॉट या दोन्ही अर्थांची सरमिसळ बिनदिक्कत करतात, कारण ज्यांच्या लेखांवर ते वाढले त्या लेखकांनीही ती केलेली होती.

मग खरे आकडे कुठून घ्यायचे? कीवर्ड प्लॅनर सरासरी मासिक शोध दाखवतो, पण जाहिरातींवर फारसा खर्च न करणाऱ्या खात्याला तो नेमका आकडा न देता ‘१०० ते १ हजार’, ‘१ हजार ते १० हजार’ असे रुंद पट्टे देतो आणि जवळच्या रूपांची मोट बांधतो. गूगल ट्रेंड्स शून्य ते शंभर या सापेक्ष पट्टीवर चढउतार दाखवते; तिथला शंभर म्हणजे शंभर शोध नव्हेत, तर निवडलेल्या काळातला सर्वोच्च बिंदू. या दोन साधनांपेक्षा मला सर्च कन्सोल हे संकेतस्थळाच्या मालकांसाठीचे गूगलचे साधन कितीतरी अधिक मोलाचे वाटते, कारण तिथे अंदाज नसतो: आपले पान कोणत्या शोधासाठी किती वेळा दिसले, किती जणांनी त्यावर क्लिक केले आणि सरासरी क्रमांक काय होता, हे तिथे मागच्या १६ महिन्यांपर्यंत पाहता येते. त्यालाही मर्यादा आहेत. फार थोड्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी यादीतून वगळले जातात, आणि पडद्यावरचा तक्ता एक हजार ओळींशी थांबतो. तरीही भाचीच्या प्रश्नासारखे प्रश्न मला सापडले ते तिथेच.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. गूगलने वर्षानुवर्षे सांगितले आहे की दररोज होणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध पूर्वी कधीही झालेले नसतात. म्हणजे कोणत्याही साधनाच्या कोणत्याही रकान्यात ज्यांचा मागमूस नसतो असे प्रश्न लोक रोज विचारतात, आणि एखाद्या कीवर्डपुढे शून्य दिसले म्हणून तो प्रश्न कोणालाच पडत नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. माझ्यासारख्या अरुंद विषयावर, आणि त्यातही मराठीत, लिहिणाऱ्याने तर शून्याला घाबरूच नये.

चॅटबॉटचे खरे बळ वेगळ्या ठिकाणी आहे. एखाद्या विषयात आपण बुडालेले असलो की त्या विषयाचे अडाणीपण आपल्याला आठवत नाही. मला आता फ्रीव्हील आणि हब हे एकच वाटण्याचा काळ आठवत नाही. माझ्या वाचकाला मात्र मागच्या चाकाच्या मधला तो ‘दातेरी भाग’ एवढेच दिसत असते. अशा वेळी चॅटबॉटला अडाण्याचे सोंग उत्तम वठवता येते, अट एवढीच की ते सोंग कोणाचे हे आपण नीट सांगितले पाहिजे. ‘सायकल दुरुस्तीवरचे पन्नास कीवर्ड द्या’ असे म्हटले तर पन्नास सरळसोट नामे मिळतात, ज्यांपैकी चाळीस आपल्यालाही सुचली असती. त्याऐवजी मी अलीकडे असे लिहितो: सायकलच्या एकाही भागाचे नाव ज्याला ठाऊक नाही असा माणूस रस्त्याच्या कडेला उभा आहे, पायडल फिरते पण चाक ओढले जात नाही, हातात मोबाइल आहे, तो शोधपेटीत काय टाइप करेल याची वीस रूपे द्या, त्यांत भागांची तांत्रिक नावे वापरू नका, काय दिसते, काय ऐकू येते आणि हाताला काय जाणवते एवढेच असू द्या. या आज्ञेला येणारे उत्तर पहिल्यापेक्षा निराळ्याच जातीचे असते. त्यात ‘पायडल रिकामे फिरते’ येते, ‘कट कट आवाज येतो’ येते, ‘जोर लावला की घसरते’ येते. सगळेच कामाचे नसते, पण वीसांतली चार-पाच रूपे अशी असतात की वाचताना आपल्याच विषयाचे दार बाहेरून पाहिल्यासारखे वाटते.

मराठीच्या बाबतीत मात्र एक अडचण हमखास येते, आणि तिच्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आहे. चॅटबॉटला मराठी कीवर्ड मागितले की अनेकदा तो इंग्रजी यादीच मराठीत उतरवून देतो. चाक डावी-उजवीकडे डुलू लागले की ते सरळ करण्याच्या कामासाठी मला ‘चाकाचे संरेखन’ हा शब्द मिळाला होता. दुरुस्ती करणारे त्याला ‘आउट काढणे’ म्हणतात आणि सायकल चालवणारे ‘चाक डुलते’ किंवा ‘चाक वाकडे झाले’ म्हणतात. ‘संरेखन’ म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. हा दोष आज्ञेत ‘बोली भाषेत द्या’ असे लिहून जात नाही. तसे लिहिले की चॅटबॉट वाक्यांना अनुस्वारी शेवट लावतो, ‘कसे करावे’चे ‘कसं करायचं’ होते, पण मधले ‘संरेखन’ जागच्या जागी राहते. उपाय एकच सापडला: नमुना द्यावा. सर्च कन्सोलमधून वाचकांचे पंचवीस-तीस खरे शोध जसेच्या तसे, चुकीच्या शुद्धलेखनासह, आज्ञेत चिकटवावेत आणि सांगावे की याच लोकांनी पुढचे प्रश्न विचारले तर ते कसे विचारतील ते लिहा. नमुन्यातल्या शब्दांना धरून तो चालू लागला की भाषा एकदम जमिनीवर येते.

याच संदर्भात लिपीचाही प्रश्न आहे. मराठी वाचकांपैकी अनेक जण रोमन लिपीत मराठी टाइप करतात, आणि त्यात ‘पडते’ हा साधा शब्दही दोन-तीन प्रकारे लिहिला जातो. शिवाय विभक्तीमुळे ‘सायकल चेन’, ‘सायकलची चेन’ आणि ‘सायकलच्या चेनला’ या सर्व ओळी सर्च कन्सोलमध्ये वेगवेगळ्या दिसतात आणि प्रत्येकीपुढचा आकडा चिमुकला राहतो. एकेक ओळ पाहणाऱ्याला हा विषय कोणालाच नको आहे असे वाटेल. अशी विखुरलेली रूपे एका मूळ प्रश्नाखाली गोळा करण्यात चॅटबॉट खरोखर वाकबगार आहे, रोमन लिपीतलीसुद्धा. ही रूपे ओळखण्यासाठी आहेत, लेखात पेरण्यासाठी नव्हेत, हे सांगण्याची गरज पडू नये. परंतु मी एका परिच्छेदात एकच वाक्य पाच शुद्धलेखनांत लिहिलेली पाने पाहिली आहेत.

गोळा करण्याच्या या कामाचा थोडा तपशील देतो, कारण चूक होते ती इथेच. माझी पद्धत अशी की सर्च कन्सोलची यादी उतरवून घ्यावी, प्रत्येक ओळीला क्रमांक द्यावा आणि एका वेळी शंभर-दीडशे ओळीच चॅटबॉटला द्याव्यात. उत्तरात मजकुराऐवजी फक्त क्रमांक मागावेत. पूर्वी मी एकदम सातशे ओळी दिल्या होत्या, आणि गट अतिशय नेटके आले होते. पण मोजले तेव्हा शंभराहून अधिक ओळी कुठेच नव्हत्या आणि काही ओळी अशा होत्या की त्या मी दिलेल्याच नव्हत्या. म्हणजे माझ्या वाचकांनी न विचारलेले प्रश्न त्याने माझ्या वाचकांच्या नावावर घातले होते. क्रमांक मागितले की ही लबाडी, लबाडी म्हणण्यापेक्षा ही उदारता, लगेच पकडता येते, कारण दीडशे क्रमांकांपैकी कोणते गळले आणि कोणते दोनदा आले हे स्प्रेडशीट क्षणात सांगते.

गट पाडताना हेतूचा विचार करायचा असतो. वेबवरच्या शोधांचे ‘एखाद्या ठरावीक ठिकाणी जायचे आहे’, ‘माहिती हवी आहे’ आणि ‘काही व्यवहार करायचा आहे’ असे तीन हेतू संगणकशास्त्रज्ञ अँड्रे ब्रोडर यांनी २००२ मध्ये मांडले, आणि आजही बहुतेक साधने याच विभागणीत एखादी भर घालून काम चालवतात. चॅटबॉट ही विभागणी पटकन करतो, पण तो ती शब्दांवरून करतो, आणि शब्द दगा देतात. ‘चेन साफ करणे’ आणि ‘चेन बदलणे’ हे त्याला सख्खे भाऊ वाटतात, कारण दोन्हींत चेन आहे आणि दोन्हींत कृती आहे. प्रत्यक्षात पहिल्या माणसाला कपडा आणि ब्रश हवा आहे, तर दुसऱ्याला त्याच्या गिअरला कोणती चेन चालेल हे आधी जाणून घ्यायचे आहे. उलट ‘चेन पडते’ आणि ‘मागचे चाक जाम झाले’ यांत एकही शब्द सामाईक नाही, तरी चेन फ्रेम आणि चाकाच्या मध्ये अडकली की दोन्ही माणसे एकाच दुरुस्तीकडे येऊन पोहोचतात. म्हणून चॅटबॉटच्या गटांची परीक्षा मी निकालांच्या पानावर घेतो: दोन्ही शोध स्वतः करून पाहावेत आणि पहिल्या दहा निकालांत किती पाने सामाईक आहेत ते मोजावे. निम्म्याहून अधिक सामाईक असतील तर एक लेख पुरतो. एखादेच असेल तर चॅटबॉट काहीही म्हणो, लेख दोन लिहावे लागतात. निम्मे ही मर्यादा माझ्या सोयीची आहे, तिला कोणताही शास्त्राधार नाही. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते मी अजूनही हातानेच करतो.

चॅटबॉटचा आणखी एक उपयोग फारसा चर्चिला जात नाही. सर्च कन्सोलमध्ये २०२१ पासून रेग्युलर एक्स्प्रेशनने ओळी गाळता येतात, म्हणजे ‘कसे, का, कधी, कोणती यांपैकी काहीही असलेले शोध दाखव’ अशी चाळणी एका ओळीत लावता येते. असे सूत्र हाताने लिहिणे मला कधीच जमले नाही. चॅटबॉट ते दोन सेकंदांत लिहून देतो. मात्र येथे दोन खाचखळगे आहेत. सर्च कन्सोल यासाठी ‘आरई२’ नावाची पद्धत वापरते, आणि तिच्यात पुढचा-मागचा मजकूर डोकावून पाहणाऱ्या अटी चालत नाहीत. चॅटबॉट त्या हौसेने घालतो आणि चाळणी नाकारली जाते. दुसरा खळगा देवनागरीचा. शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे दाखवणारी जी नेहमीची खूण आहे, ती आरई२ मध्ये फक्त इंग्रजी अक्षरे, अंक आणि अधोरेखा यांनाच शब्द मानते. त्यामुळे ‘का’ हा स्वतंत्र शब्द शोधायला ती लावली तर चूक दाखवली जात नाही, पण देवनागरी ओळींपैकी काहीच हाती लागत नाही, आणि आपल्याला वाटते की ‘का’ असे कोणी विचारतच नाही. शब्दाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा किंवा ओळीचे टोक असावे, असे सूत्र त्याला मुद्दाम मागावे लागते. एक संपूर्ण दुपार घालवून मला हे कळले.

वेबवर शोध घेऊ शकणाऱ्या चॅटबॉटांमुळे हे सगळे बदलले का, असे कोणी विचारेल. थोडे बदलले. असा चॅटबॉट ताजी पाने वाचून सांगतो, म्हणजे प्रतिस्पर्धी पानांनी कोणते उपप्रश्न घेतले आहेत आणि कोणते सोडले आहेत याचा आढावा तो चांगला घेतो. परंतु मासिक शोधांचा आकडा तो जिथून उचलतो ते पानच बहुधा जुने किंवा ऐकीव असते. एखाद्या कीवर्ड साधनाशी त्याची थेट जोडणी केलेली असेल तरच तो आकडा त्या साधनाइतका विश्वासार्ह ठरतो, आणि साधनांचे आकडेही शेवटी अंदाजच असतात. मला यापेक्षा दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. वाचकाने चॅटबॉटला एक लांबलचक प्रश्न विचारला की उत्तर शोधण्यासाठी तो प्रश्न अनेक छोट्या शोधांत फोडला जातो. गूगलने २०२५ मध्ये आपल्या एआय मोडची, म्हणजे चॅटबॉटसारखे उत्तर देणाऱ्या शोधाची, ओळख करून देताना या पद्धतीला ‘क्वेरी फॅन-आउट’ असे नाव दिले. म्हणजे माझे पान आता माणसाच्या शोधासाठीच नव्हे, तर माणसाच्या वतीने यंत्राने केलेल्या शोधासाठीही निवडले जाणार किंवा डावलले जाणार. म्हणून एखादा लेख लिहिण्यापूर्वी मी चॅटबॉटला विचारतो की वाचकाच्या या प्रश्नाचे उत्तर द्यायचे असेल तर कोणते पाच-सहा शोध करावे लागतील, आणि ती यादी लेखाच्या आराखड्याशेजारी ठेवतो. आराखड्यात जे राहून गेलेले असते ते तिथे अनेकदा दिसते.

मोहाची एक जागा सांगायची राहिली. चॅटबॉटने चारशे कीवर्ड दिले आणि तोच चारशे लेखही लिहून देऊ शकतो, तर मग अडचण कोणती, असा हिशेब करणारे पुष्कळ निघाले. क्रमवारी हाच मुख्य हेतू ठेवून, वाचकाच्या पदरात काही न पडणारी पाने ढिगाने निर्माण करणे, मग ती माणसाने लिहिलेली असोत की यंत्राने, गूगलने मार्च २०२४ च्या धोरणात स्पॅम ठरवले. धोरण नसते तरी चेन पडण्यावर चारशे पाने लिहिण्याइतके चेनमध्ये काही नाही. आणि दुसऱ्या कोणाच्या संकेतस्थळाचे काम करत असाल तर त्यांच्या शोधांची यादी चॅटबॉटला देण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी. शोधपेटीत लोक नावे आणि फोन क्रमांकही टाइप करतात.

साखळीचा तो लेख मी शेवटी नव्याने लिहिला. शीर्षकात ‘सायकलची चेन सारखी पडते’ हे भाचीचे शब्द आले, पहिल्या परिच्छेदात हात काळे न करता चेन पुन्हा कशी चढवावी हे आले, आणि वंगणाचे प्रकार, ज्यांवर मी मूळ लेखात एवढा घाम गाळला होता, ते खाली गेले. आता त्या पानावर लोक येतात. ‘साखळी’ हा शब्दही मी एका जागी ठेवला आहे, तो कोणी शोधतो म्हणून नव्हे, तर मला आवडतो म्हणून.

गट पाडून झाल्यावर दर वेळी काही ओळी ‘इतर’ मध्ये उरतात, आणि हल्ली मी यादी वाचायला तिथूनच सुरुवात करतो. मागच्या आठवड्यात तिथे एक ओळ होती: ‘सायकल चढावर रडते’. चॅटबॉटने ती भावनिक विषय म्हणून बाजूला ठेवली होती. चढावर पायडलवर जोर पडला की कुरकुर येते ती कधी कोरड्या चेनची असते, कधी पायडलच्या आसाची, कधी सीटखालच्या नळीची. जोर न लावता फिरवले की ती गप्प बसते, म्हणून दुकानात नेऊन दाखवावी तर ऐकू येत नाही. सायकल रडते असे मी चॅटबॉटकडून मिळवलेल्या शेकडो रूपांत एकदाही पाहिले नव्हते. पुढच्या लेखाचे शीर्षक तेच आहे. फक्त तिन्ही आवाज वेगवेगळे ध्वनिमुद्रित करायचे आहेत, आणि त्यासाठी आधी माझी स्वतःची सायकल मला काही दिवस तेलावाचून ठेवावी लागणार आहे.